ब्राउझर बदला म्हणू नका

वेबसाइट पुण्या-मुंबईत बनते. मोठ्या पडद्यावर, नव्याकोऱ्या क्रोममध्ये, जलद इंटरनेटवर. उघडते मात्र परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत, पालममध्ये, सोनपेठमध्ये, धाकट्या भावाच्या वाट्याला आलेल्या जुन्या मोबाइलवर. या दोन टोकांमधल्या फरकाची किंमत कोण मोजतो?

पालमवाला.

फॉर्म कुठलाही घ्या. शिष्यवृत्तीचा, प्रवेशाचा, पीक विम्याचा. नाव भरलं, खातं भरलं, कागद चढवले. आता ‘सादर करा’चं बटण कुठे? ते आहे. पडद्याच्या खाली दडलेलं आहे.

पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये डिझायनरने उंची ‘१०० व्हीएच’, म्हणजे पूर्ण पडद्याएवढी, बांधून टाकलेली असते. मोबाइलवरचा क्रोम ती मोजताना वरची पत्त्याची पट्टी धरतच नाही. तेवढा भाग खाली जातो आणि नेमकं बटण त्यातच असतं. मग मुलगा शंभर रुपये खिशात घालून जिंतूरच्या सेवा केंद्राच्या रांगेत उभा राहतो.

यावर उपाय नाही का? आहे. २०२२ साली ‘डीव्हीएच’ नावाचं नवं एकक आलं, ते पट्टीसकट मोजतं. क्रोमला ते १०८ व्या आवृत्तीपासून कळतं. पण अँड्रॉइड ६ च्या फोनवर क्रोम १०६ लाच थांबला.

आणि आपण त्या फोनवाल्याला सांगतो, ‘ब्राउझर अपडेट करा’!

नवा फोन घेतला की प्रश्न मिटतो, असं वाटतं? जिओफोन आला २०१७ मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये फायरफॉक्स ५२ आणि क्रोम ५७ यांना ‘ग्रिड’ मांडणी कळू लागली. जिओफोनमधल्या कायओएस या प्रणालीच्या पोटात मात्र फायरफॉक्स ४८ च्या काळातलं इंजिन होतं. फोन कोरा, ब्राउझर शिळा.

महाग फोनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. भारतात आयफोनवर क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स घ्या, आतलं इंजिन सफारीचंच. ‘फ्लेक्सबॉक्स’ मांडणीत दोन चौकटींत अंतर ठेवणारा ‘गॅप’ क्रोमला २०२० मध्ये कळला, सफारीला २०२१ मध्ये. मधल्या काळात आयफोनवर त्या चौकटी एकमेकींना चिकटून बसल्या.

मग करायचं काय? सीएसएस घडवणाऱ्यांनी याचं उत्तर १९९६ सालीच देऊन ठेवलंय. ब्राउझरला जी ओळ कळत नाही, ती तो सोडतो आणि पुढे जातो. ना तक्रार, ना अडवणूक.

म्हणजे आधी साधं लिहा, मग नवं. जुन्या फोनसाठी उंची बांधूच नका, पान खाली सरकू द्या. डीव्हीएच ‘@सपोर्ट्स’च्या अटीत टाका, ज्याला ते कळतं, त्यालाच ते लागू होईल. चौकटी एकीखाली एक येऊ द्या. ग्रिड कळणाऱ्याला ग्रिड मिळेल. हे करायला किती वेळ लागतो? चहा थंड होण्याच्या आत होतं.

आळसाला मात्र ब्राउझर नेहमीच दोषी दिसतो.

मराठीचे हाल तर वेगळेच. इंग्रजीवर बेतून ओळींची उंची ठरवली, की कुठे वेलांटीचं टोक कापलं जातं, कुठे रफार. अक्षरांत अंतर सोडलं, की शिरोरेषा तुटते. पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवली, तर सोय असलेला फॉन्ट ल आणि श आपल्या वळणाचे दाखवतो. दोन अक्षरांची ती नोंद करायलाही कोणाला सवड नसते?

सरकारी वेबसाइटच्या तळाशी एक पाटी वर्षानुवर्षं असायची: इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, १०२४ बाय ७६८ च्या पडद्यावर उत्तम दिसेल. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने त्या ब्राउझरला निरोप दिला. पाटीमागची वृत्ती गेली का?

केंद्र सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. प्रादेशिक भाषेतली पानं प्रचलित ब्राउझरांवर तपासून घ्या, असं त्यांत बजावलेलं आहे.

नियम आहे. तपासणारा कुठे आहे?

तो परभणी जिल्ह्यातच सापडेल. इथे कॉलेजात सीएसएस शिकणारी मुलं आहेत आणि त्यांच्या घरात वडिलांचा, आजीचा जुना फोन आहे. पुण्यातल्या कंपनीकडे नसलेली प्रयोगशाळा सेलू-मानवतच्या घराघरांत आहे. मुलांनो, आपलं पान आधी त्या फोनवर उघडा, मग मास्तरांना दाखवा.

आणि वेबसाइट बनवून घेणाऱ्या साहेबांना एकच विनंती. कंत्राटात एक अट घाला: गंगाखेडच्या बस स्थानकावर कोणाचाही मोबाइल मागून घ्यायचा, त्यावर फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत भरायचा. बटण दिसलं, दाबलं आणि पावती आली, तरच बिल मंजूर करा.