आकाशछायाचित्रण : इच्छुकांसाठी खरेदीची नियमावली

आकाशाचे फोटो काढण्याची इच्छा बहुधा दुसऱ्याने काढलेला फोटो पाहून होते. मृग नक्षत्रातला गुलाबी तेजोमेघ कुणीतरी ग्रुपवर टाकतो, खाली दुर्बीण, कॅमेरा आणि फिल्टर यांची नावे असतात, आणि पाहणाऱ्याची खात्री पटते की आपल्यापाशी एवढ्या वस्तू तेवढ्या नाहीत, बाकी सगळे आहे. अशा इच्छुकांच्या सोयीसाठी रूढ वहिवाटीला धरून पुढील नियम कलमवार दिले आहेत.

कलम 1. सुरुवात कॅमेऱ्यापासूनच करावी

कॅमेरा हातात धरता येतो, त्याचे आकडे पाठ होतात आणि चारचौघांत सांगता येतात. इच्छुकाने सोनीचा आयएमएक्स 571 सेन्सर असलेला, 26 मेगापिक्सेलचा, स्वतःला गार करणारा कॅमेरा निवडावा. गारव्याला शास्त्राधार आहे. सेन्सरचे तापमान साधारण सहा-सात अंशांनी उतरले की डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही सेन्सरमध्ये साचणारा खोटा संकेत, निम्म्यावर येतो. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर सेन्सर शून्य अंशाला सुखात असतो आणि मालक घामाने निथळत असतो.

घरात पडून असलेल्या डीएसएलआरकडे मात्र अजिबात पाहू नये, कारण तो चालतो. त्याच्या सेन्सरपुढची काच हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते, म्हणून तेजोमेघ फिके येतात, ही त्याच्याविरुद्धची तक्रार खरी आहे. पण चंद्र, कृत्तिका आणि देवयानी दीर्घिका यांचे त्या लाल रंगावाचून फारसे अडत नाही. हे वेळेआधी ध्यानात आले तर खरेदी लांबणीवर पडते.

कलम 2. दुर्बीण जितकी लांब पल्ल्याची तितकी बरी

दुकानदाराने 400 मिलिमीटर नाभीय अंतराची आटोपशीर दुर्बीण दाखवली, तर इच्छुकाने मंद हसून 2000 मिलिमीटरची मागावी. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश पसरलेली आहे, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने ठेवावेत एवढी. वर निवडलेल्या सेन्सरला 2000 मिलिमीटरवर पाऊण अंशाहूनही कमी रुंदीची चौकट मिळते. मग घरच्यांचा ग्रुप फोटो काढायला जावे आणि मामांचे नाक तेवढे यावे, तसा दीर्घिकेचा गाभा तेवढा येतो. 400 मिलिमीटरवर ती अख्खी मावली असती.

हिशेब पाचवीतल्या मुलाला जमेल असा आहे, म्हणूनच तो कुणी करत नाही. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यावा, 206 ने गुणावा, मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागावा. उत्तर विकलांत येते. एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. 3.76 मायक्रॉनचा पिक्सेल 2000 मिलिमीटरवर 0.39 विकला टिपतो. पण डोक्यावरची हवा बऱ्याच रात्री ताऱ्याला दोन-तीन विकलांएवढा फुगवते. म्हणजे हवेने जे आधीच पुसट केले, त्याची नोंद अतिशय सविस्तर होते.

समाधान न झाल्यास बार्लो भिंग लावून 2000 चे 4000 करावेत. गुरू-शनीसाठी बार्लो रास्तच आहे. तिथे व्हिडिओ घेऊन हवा क्षणभर थांबलेल्या फ्रेम तेवढ्या वेचतात. दीर्घिकेसाठी तो लावणाऱ्याची जिद्द मानावी लागेल.

कलम 3. माउंटवर पैसे घालवू नयेत

माउंट फोटोत दिसत नाही. दुर्बीण ज्यावर बसते तो लोखंडी ठोकळा कुणाला दाखवणार?

त्याचे काम एवढेच, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश सेकंदाला 15 विकला सरकते, तेवढीच दुर्बीण उलटी फिरवायची. माउंट नसला तर तीन मिनिटांच्या एका फोटोत तारा दीड चंद्राएवढी रेघ ओढतो. 30 सप्टेंबर 1880 रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला तो 51 मिनिटांचा होता. तेवढ्या वेळात आकाश बारा अंशांहून जास्त सरकले आणि त्यांची 11 इंची दुर्बीण घड्याळी यंत्राच्या जोरावर मागोमाग फिरत राहिली. ड्रेपर यांच्याकडे कॅमेरा म्हणून लेप दिलेली एक काच होती. त्यांनी खरेदीचा क्रम चुकवला होता, हे उघड आहे.

एवढे वाचूनही कुणाला माउंट घ्यायचाच असेल तर त्याने आधी जिना पाहावा. स्काय-वॉचरचा ईक्यू 6-आर हा लोकप्रिय माउंट घेतला तर नुसते डोके 17 किलोंच्या वर, ट्रायपॉड साडेसात किलो, पाच-पाच किलोंची दोन वजने. वर दुर्बीण वेगळी. बऱ्याच सोसायट्यांत लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबते आणि गच्ची त्याच्यावर असते.

माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा पुण्यातून क्षितिजाच्या फक्त साडेअठरा अंश वर, पणजीतून साडेपंधरा. बिल्डरने पाण्याची टाकी उत्तरेलाच बांधलेली असते. टाकी आड येत नसेल, तर ध्रुवदुर्बिणीत पाहण्यासाठी गुडघे टेकून, मान तिरकी करून जवळजवळ साष्टांग नमस्कार घालावा लागतो. हल्ली कॅमेऱ्याने दोन-तीन फोटो घेऊन, ताऱ्यांचा नकाशा जुळवून ध्रुव न पाहताच अक्ष लावणारी सॉफ्टवेअर आहेत, त्यातले ‘नीना’ फुकट मिळते. इच्छुकाला त्याचा पत्ता बहुधा गुडघे दुखू लागल्यावर लागतो.

कलम 4. किरकोळ वस्तूंना किरकोळ समजावे

आता कॅमेरा दुर्बिणीला जोडायचा. चौकटीच्या कडेचे तारे नीट यावेत म्हणून लावायच्या फील्ड फ्लॅटनर भिंगापासून सेन्सर बहुधा 55 मिलिमीटरवर लागतो. कॅमेऱ्याच्या पोटात 17.5 गेले, मग 21 ची कडी, मग 16.5 ची, झाले 55. इथे ओट्यावर व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसलेल्या इच्छुकाने फिल्टर लावला, की दोन मिलिमीटरच्या त्या काचेमुळे सुमारे पाऊण मिलिमीटर वाढवावे लागतात. त्यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या, पाव मिलिमीटरच्या, कागदासारख्या चकत्या मिळतात. त्या हातातून सुटल्या की नेमक्या गॅसच्या शेगडीखाली जातात.

दोन कड्या एकमेकींत अडकल्या तर जोर लावू नये. दाबाने कडी किंचित लंबगोल होते आणि अधिकच घट्ट बसते. रुंद रबरबँड गुंडाळून बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवावी. हे घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला बरणीच्या झाकणामुळे आधीपासून ठाऊक असते. तिला विचारण्यास हरकत नाही.

फोकससाठी बाहटिनोव्ह मास्क लागतो. ही तिरक्या फटींची जाळी दुर्बिणीच्या तोंडावर ठेवली की ताऱ्याला तीन रेघा फुटतात आणि मधली रेघ बरोबर मध्यात आली की फोकस झाला. जाड लग्नपत्रिका कापूनही ती बनते. इच्छुकाने मात्र विकतचीच घ्यावी, नाहीतर या छंदात एक वस्तू फुकट झाली असे होईल.

कलम 5. अंधारही विकत घ्यावा

शहरी उजेडावर फिल्टर हा उपाय सांगितला जातो. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा उजेड वर्णपटाच्या मोजक्या भागात एकवटलेला असे, तो गाळता येई. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळीकडे पसरलेला असतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या दोनच रेषा आत सोडणारा फिल्टर तेजोमेघांना शहरातही उपयोगी पडतो. पण दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सर्व रंगांचा. तो फिल्टर तिला दिव्याबरोबरच गाळून टाकतो.

जॉन बॉर्टल यांनी 2001 मध्ये आकाशाच्या अंधाराच्या नऊ इयत्ता पाडल्या. इथे पहिलीतला हुशार आणि नववीतला नापास. पुणे-मुंबईचे मधले भाग वरच्या इयत्तांत आहेत. मुंबईकर हौशी मंडळी म्हणूनच वांगणीची लोकल धरत आली. विदर्भात पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. तिथे जायचे पेट्रोल पुष्कळदा फिल्टरपेक्षा स्वस्त पडते, पण ते पेटीत ठेवून पाहुण्यांना दाखवता येत नाही.

कलम 6. वेळ

सांगण्यासारखे थोडेच. फोटोतला रवाळपणा निम्मा करायचा तर एकूण वेळ चौपट लागतो. एका तासाचे चार होतात. पावसाळ्याचे चार महिने वजा करावेत, चंद्राचे पंधरवडे वजा करावेत, गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते ते ज्या दिवशी गावाला जातात तेही वजा करावेत. उरलेल्या थंडीच्या रात्री भिंगावर दव धरते. त्यासाठी ड्यू हीटरचा पट्टा घ्यावा. ही यादीतली सर्वांत कमी मिरवण्याजोगी वस्तू असून, ती नसेल तर बाकी यादी पहाटे दोनला बंद पडते.

कलम 7. फेरविक्री

जुने साहित्य योग्य हाती सोपवण्याची परंपरा पुण्यात थोर आहे. खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला निवृत्त झाल्यावर 1912 मध्ये इथली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा बंद झाली आणि तिची ग्रब या दुर्बीणकाराने बनवलेली 20 इंची दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. इच्छुकानेही संकोच करू नये. जाहिरातीत ‘फारच कमी वापरलेले’ असे लिहावे. कलम 6 पाहता ते खरेच असते. फोन करणारा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारेल, ते ताबडतोब सांगावेत. माउंटही त्याच्याच गळ्यात घालायचा असेल तर त्याला घरी बोलवावे, चहा द्यावा, आणि वजनाचा विषय तो निम्मा जिना उतरल्यावर काढावा.