थोरल्याला कोण घेतंय?

सिडकोनं वाशीत ही बैठी रो हाउसं बांधली तेव्हा आमच्या ओळीत दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच ठेवली. नंतर लोकांनी वर मजले चढवले, पुढे ग्रिल बसवलं, गाडीसाठी पत्रा टाकला; आमची आणि पलीकडच्यांची भिंत मात्र तेवढीच राहिली. दोन्ही घरच्या बायकांनी वाढवू दिली नाही म्हणा ना. विरजण, कढीपत्ता, कुरिअरवाल्याची पाकिटं, सोसायटीतली भांडणं, सगळं तिच्यावरूनच जातं. सध्या तिच्यावर दुपटी वाळत असतात आणि दुपटी बाजूला सारून गप्पा चालतात.

आता मी काही कुणाच्या घरातलं बाहेर सांगणारी नव्हे, अख्ख्या सेक्टरला माहीत आहे. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पलीकडच्या सूनबाईला दुसरं झालं. मुलगी, दीड महिन्याची. थोरला सव्वादोन वर्षांचा. सकाळी ती दुपटी घालायला आली की मी विचारते, “झोप झाली का गं?”

“कुणाची काकू?”

“तुझी.”

“तान्हीची झाली. ती दोन-अडीच तासांनी उठते, पिते, ढेकर काढला की परत झोपते. तिचं काहीच नाही. हा साडेपाचला उठून ‘गाडी बघायला चल’ म्हणून चपला घालून दारात उभा.”

गाडी म्हणजे लोकल. बाबा रोज हार्बरनं जातो ना, तर ह्याला स्टेशनजवळ उभं राहून पनवेलची कुठली, ठाण्याची कुठली हे बघायचं असतं. एकट्या मुलाची आई होती तेव्हा ती न्यायचीही. आता एक कडेवर, एक पदराला, आणि टाके अजून ओढतात. कशी नेणार?

तर माझं म्हणणं असं, की दुसऱ्या बाळंतपणात बाई तान्ह्यानं दमत नाही, थोरल्यानं दमते. आणि येणारे-जाणारे सगळे येतात ते तान्ह्याकडे.

बघा ना, बाळ बघायला कोण कोण येऊन गेलं. भिशीतल्या सगळ्या. नवऱ्याच्या ऑफिसातले. चुलतसासऱ्यांचं कुटुंब आलं ते सकाळी आलं आणि दुपारची भाजी-भाकरी खाऊन गेलं. प्रत्येकानं झबली आणली, टोपडी आणली, पाळण्यावर वाकून ‘नाक वडिलांवर गेलंय’ म्हणून झालं. आणि थोरला? तो पाळण्याच्या कडेला उभा. त्याला सगळे एकच वाक्य म्हणतात, “आता तू दादा झालास हं! शहाण्यासारखं वागायचं.” अहो, त्याला अजून सू आली हे वेळेत सांगता येत नाही, तो काय दादा होणार? बाळ आल्यापासून तर जे येत होतं तेही विसरला. परवा तान्हीचं लंगोट डोक्यावर घेऊन मलाच म्हणाला, “काकू, मला बांध.” आणि एका पाहुणीला त्यानं स्पष्ट विचारलं, “हिला घेऊन जाते का?” ती हसली. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी भिंतीवरून पाहिलं.

डॉक्टर म्हणतात असं होतंच. मोठं मूल पुन्हा लहान होऊन बघतं, बोलणं बोबडं होतं, बाटली मागतं, रागवायचं नाही, आपोआप निवळतं. खरं आहे ते. पण निवळेपर्यंत कुणीतरी त्याला घ्यायला हवं ना!

सासूबाई आहेत, नाही कशाला म्हणू. बाई कामाची. साताऱ्याकडच्या, कांदा-बटाटा मार्केट १९८१ साली मुंबईहून वाशीला हललं, त्याच्यामागं सासरे इकडं आले, मग ह्या आल्या. एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये स्वतः जाऊन डिंक, खारीक, खोबरं, अळीव घेऊन आल्या. लाडू बांधले. मेथीचे वेगळे. वास इकडे आला तशी एक वाटी मलाही आली, ते आपलं असू दे. पण त्यांचं सगळं लक्ष बाळंतिणीच्या पथ्यावर आणि तान्हीच्या टाळूवर. बाळगुटीवरून तर दोन दिवस घरात कुणी धड बोलत नव्हतं. डॉक्टर सांगतात सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, मध तर वर्षभर चाटवायचाच नाही. सासूबाई म्हणतात, “आमची पोरं गुटीवरच वाढली.” तिसऱ्या दिवशी सहाण बाहेर आली, हळकुंड उगाळलं, आणि त्याचा लेप सासूबाईंनी स्वतःच्या गुडघ्याला लावला. वाद मिटला. मला विचाराल तर असं मिटवता आलं पाहिजे.

धुरीचंही तेच. ओवा-शेपाची धुरी सुरू झाली की धूर आमच्या स्वयंपाकघरात. पहिल्या दिवशी मी धावत गेले, म्हटलं काय जळलं? डॉक्टरांनी धूर बंद करायला लावला, आता नुसता गरम कपड्यानं शेक चालतो. बरं झालं. बाळाच्या नाकात धूर कशाला?

मालिशवाल्या मावशी मात्र मला आवडतात. सकाळी नऊला येतात, आधी बाळंतीण, मग बाळ. हात चालू, तोंडही चालू. कुठल्या सेक्टरात कुणाला काय झालं, कुठल्या टॉवरमध्ये जुळी आहेत, सगळं त्यांच्याकडून कळतं. त्या दिवशी सूनबाईच्या सुट्टीचा विषय निघाला. ती बँकेत आहे, तिला २६ आठवडे भरपगारी मिळाली. मावशी तेल चोळता चोळता थांबल्या. “सव्वीस? आठवडे?” त्यांच्या वेळी त्या मराठवाड्यातून नवऱ्याबरोबर बिल्डिंगच्या कामावर आल्या होत्या. तिसरं झालं आणि महिन्याच्या आत घमेलं उचललं; पोरगं साडीच्या झोळीत बांधलेलं, आणि थोरली चार वर्षांची, तीच झोका द्यायची.

हे मी आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांना तर निमित्तच हवं असतं, चष्मा पुसत बसले सांगायला. प्रसूतीच्या रजेचा कायदा देशात पहिल्यांदा आपल्या मुंबई प्रांतात झाला, १९२९ साली. त्याच्या आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू घेतली होती. बाळंतपणात बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, आणि त्या खर्चाचा मोठा भार सरकारनं उचलावा, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा तो कायदा कारखान्यातल्या बायकांपुरता होता. देशभराचा कायदा १९६१ चा, त्यात १२ आठवडे. २०१७ साली त्याचे २६ झाले, तेही पहिल्या दोन मुलांना, तिसऱ्याला बाराच. शिवाय ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर हवं, आणि आईला दिवसातून चारदा तिथं जाऊ द्यायला हवं. ऐकायला छान. पण मावशींसारख्या घरोघर काम करणाऱ्यांचा मालक कोण धरायचा? त्या दिवशी मावशींना मी दोन लाडू जास्त दिले. दुसरं काय करणार मी?

आणि बापाची रजा? केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस मिळतात. खासगीत जो तो आपल्या मनाचा. पलीकडच्या मुलाला मिळाली थोडीफार, ती दवाखाना, जन्मदाखल्याचा अर्ज आणि बारशाच्या हॉलमध्ये संपली. आता सकाळी साडेसातला बाहेर पडतो, परत येतो तेव्हा पोरगं झोपलेलं. मुलगा गुणी आहे, रात्री लंगोट बदलतो, मी ऐकलंय. पण दिवस मोठा असतो हो.

लसीकरणाच्या दिवशी तर मीच बरोबर गेले. दीड महिना झाला की पहिला मोठा डोस. पेंटा, पोलिओ, रोटा, सगळं एकदम. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब ची झालेली असते; मग सहा, दहा आणि चौदा आठवडे. थोरल्याचाही दीड वर्षांनंतरचा बूस्टर राहिला होता, म्हणून दोघांना एकदमच नेलं. महापालिकेच्या केंद्रात सगळं फुकट, फक्त कार्ड हरवायचं नाही. रांगेत तान्ही शांत. आणि हे महाशय? एका बाईची पिशवी उलटी केली, वजनकाट्यावर चढून बसले, आणि सिस्टरनं सुई काढली तसे दाराबाहेर. मी त्यांच्या मागे. ह्या वयात! पकडून आणला, टोचलं, तर रडला नाही. तान्हीला टोचल्यावर ती किंचाळली तेव्हा मात्र भोकाड पसरलं त्यानं. सिस्टरला म्हणतो, “माझ्या बाळाला का मारलं?” म्हणजे ‘हिला घेऊन जा’ म्हणणारा हाच बरं का!

रात्री दोघांना ताप. तो ह्या लशीनं येतोच, डॉक्टरांनी वजनावरून मोजून दिलेलं औषध घरात होतं. पण एका मांडीवर एक, दुसरीवर दुसरा, अशी ती पहाटेपर्यंत बसली होती. दिवा दिसत होता मला.

दुधाचंही ऐका. पहिल्या आठवड्यात येणारी प्रत्येक बाई विचारून गेली, “पुरतंय ना दूध? नाहीतर पावडर लाव.” पुरत होतं हो, उलट जास्तच येत होतं. मी तिला म्हटलं, कुणाच्या बोलण्यावर जाऊ नकोस, बाळ दिवसातून पाच-सहा वेळा कपडे ओले करतंय आणि वजन घेतंय ना, मग झालं. माझ्या नणंदेच्या मुलीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं होतं, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात. तिथली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली, आशियातली पहिली. ज्या आयांना जास्त येतं त्या देतात, आणि ज्यांच्या बाळाला हवं त्यांना मिळतं. हे सांगितल्यावर सूनबाईचा चेहरा खुलला. दिवसभरात तिला कुणी चांगलं काही सांगितलं असेल तर तेवढंच.

दुपारी जरा डोळा लागावा तर मागच्या रस्त्यावर जुन्या बिल्डिंगचं पाडकाम. सिडकोच्या जेएन टाइप इमारती मोडकळीला आल्या, किती वर्षं लोक जीव मुठीत धरून राहिले, आता एकेक टॉवर होतोय. व्हायलाच हवा. पण ब्रेकर सुरू होतो तो नेमका दोन वाजता. तान्ही दचकून उठते, तिच्या आवाजानं हा उठतो, आणि मग संध्याकाळपर्यंत दोघंही किरकिरी. टॉवरमधल्या बायका गप्पा कुठून मारणार ते मला कळत नाही. लिफ्टमध्ये?

माझी दोन्ही ह्याच घरात वाढली, दोघांत पावणेदोन वर्षांचं अंतर. तेव्हा वाशीला लोकल नव्हती. ती आली १९९२ च्या मे महिन्यात. हे खाडीपुलावरून बसनं मुंबईला जायचे, पाऊस असला की यायला रात्र. आजूबाजूला सगळेच नवे, कुणाची आई जवळ नाही, सासू जवळ नाही. धाकट्याच्या वेळी शेजारच्या तेलुगू बाई भिंतीवरून हात पुढे करायच्या आणि थोरलीला उचलून न्यायच्या. भाषा येत नव्हती एकमेकींची. इडली खाऊन, तोंड धुऊन, केसांत गजरा घालून ती तासाभरानं परत यायची. त्या तासात मी काय करायचे? काही नाही. आंघोळ. आंघोळ म्हणजे काय असते ते दोन मुलांच्या आईला विचारा.

म्हणून आता मी ठरवलंय. संध्याकाळी पाच वाजले की दुपटी बाजूला करते आणि म्हणते, “दे इकडे.” तो भिंतीवरूनच येतो, दार वगैरे त्याला मान्य नाही. आम्ही मिनी सीशोअरला जातो. फुगेवाला, कुत्री, जॉगिंगवाले काका, सगळ्यांची चौकशी होते. खाडीकडं तोंड करून बसलं की कधी बगळे दिसतात. थंडीत ठाण्याच्या खाडीत रोहित येतात, ते एकदा त्याला दाखवायचेत. गाड्या बघायला स्टेशनपर्यंत माझे गुडघे चालत नाहीत, ते काम मी ह्यांना लावून दिलंय. सहा-सव्वासहाला परत. तोवर तिची आंघोळ झालेली, चहा झालेला, कधी कधी नुसतीच भिंतीला टेकून उभी असते. आणि गंमत म्हणजे बाहेरून आलेला तो आधी पाळण्याकडे पळतो आणि तान्हीला फुग्याची बातमी देतो.

पण मी एकटी किती दिवस? पुढच्या महिन्यात आमच्या लेकीकडे पुण्याला जायचंय. तेव्हा तुमच्यापैकी ज्यांचं बाळ बघायला यायचं राहिलंय, त्यांना आत्ताच सांगून ठेवते. या, जरूर या. पण झबली आणू नका, कपाट भरलंय. जेवायला थांबू नका. तान्ही झोपली असेल तर उठवू नका. पाच वाजता या, थोरल्याच्या पायात चपला घाला आणि त्याला तासभर बाहेर घेऊन जा. खाऊ आणायचाच असेल तर एकट्या त्याच्यासाठी आणा. तान्हीला अजून साडेचार महिने आईचं दूधच आहे.