मुस्तफायोग्य मोबाईल कसा निवडावा

लहानपणीचे व्हिडिओ गेम मोबाईलवर खेळावेत अशी इच्छा माणसाला साधारण चाळिशीत, चष्म्याचा नंबर बदलण्याच्या सुमारास होते. ती दाबू नये. दाबलेली इच्छा पुढे प्लॉटिंगमध्ये नाहीतर मॅरेथॉनमध्ये बाहेर पडते आणि ते जास्त महागात जातं. तेव्हा सरळ फोन घ्यावा. संभाजीनगरात त्यासाठी पैठण गेट गाठावं. मात्र निघण्याआधी पुढील सूचना वाचाव्यात, कारण एकदा तिथल्या काउंटरवर कोपर टेकलं की विचारशक्ती आपली राहत नाही.

काय खेळायचंय ते घरीच ठरवावं. ‘सगळंच’ हे उत्तर ग्राह्य नाही. ज्याचं बालपण टीव्हीला जोडायच्या आणि पिवळी कॅसेट खुपसायच्या व्हिडिओ गेमवर गेलं, त्याला नवा फोन लागतच नाही. ते यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ यंत्राचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि मेमरी २ किलोबाइट. टीव्हीच्या कपाटात चार्जरांच्या गुंत्याखाली पडलेला, काचेला तडा गेलेला फोनसुद्धा हे काम झोपेत करील. मुस्तफाचंही तेच. कॅपकॉमने १९९३ साली काढलेल्या या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, त्यात नायक चार. पण त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाने आपल्याकडे सगळा गेमच स्वतःच्या नावावर करून घेतला. तोही कुठल्याही साध्या फोनवर चालतो. सुज्ञ वाचकाने ही माहिती घरात कोणाला देऊ नये.

नव्या फोनचं खरं कारण एकच: ‘क्रिकेट ०७’. ईए स्पोर्ट्सचा हा गेम २००६च्या अखेरीस कॉम्प्युटर आणि प्लेस्टेशन २ साठी आला. तो फोनवर आणायचा तर फोनच्या पोटात अख्खं प्लेस्टेशन २ उभं करावं लागतं. त्याचा एकेक हुकूम फोनच्या भाषेत फिरवायचा, आणि तेही सेकंदाला पन्नास-साठ चित्रं न चुकता पडद्यावर टाकत. हे करणारा प्रोग्राम म्हणजे इम्युलेटर. इथे स्वस्त फोन मान टाकतो. आवाज आधी फाटतो, मग बोलर धावत येता येता हवेत थबकतो. म्हणून चिप स्नॅपड्रॅगनची मागावी. तिच्यातल्या अ‍ॅड्रिनो ग्राफिक्ससाठी ‘टर्निप’ नावाचे स्वतंत्र ड्रायव्हर मिळतात. माली ग्राफिक्सवाल्या फोनला त्यांचा काही उपयोग नाही. आणखी एक. मधल्या वर्गातल्या नव्या चिपपेक्षा वरच्या वर्गातली जुनी चिप बरी. २०२० सालच्या फोनांमधली स्नॅपड्रॅगन ८६५ आजही या कामात पुष्कळांना ऐकत नाही. पैठण गेटला सेकंडहँड फोन हाताळताना हा आकडा तोंडात असू द्यावा. विक्रेता लगेच खुर्ची देतो.

आयफोनवाल्यांना एप्रिल २०२४ पर्यंत अ‍ॅप स्टोअरवर इम्युलेटरच मिळत नसे. आता मिळतो, पण छोट्या यंत्रांपुरताच म्हणावा. प्लेस्टेशन २ सारख्या जड यंत्रांना लागणारी हुकूम जागच्या जागी फिरवण्याची सवलत कंपनी देत नाही. त्यांनी मारिओवर समाधान मानावं आणि स्टेटसला डोंगर टाकावेत.

दुकानात पोरगा ‘काका’ म्हणेल. तिथे खचू नये. ‘‘काका, कॅमेरा बघा, दोनशे मेगापिक्सल!’’ यावर आपण फक्त, ‘‘गरम किती होतो?’’ एवढंच विचारावं. ‘‘हीटिंगचा काहीच इश्यू नाही,’’ असं तो म्हणणारच. फोनचं अंग तापलं की चिप स्वतःचा वेग आपोआप कमी करते, आणि दुकानातल्या एसीत कुठलाच फोन तापत नाही. म्हणून खरी परीक्षा मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, दुपारी दोनला, गच्चीवरच्या पत्र्याखाली घ्यावी. अर्धा तास बॅटिंग करावी. त्यानंतरही यॉर्कर वेळेवर येत असेल तर फोन घ्यायला हरकत नाही. विक्रेता गच्चीवर येत नसेल तर मित्राचा तोच फोन मागून न्यावा.

बॅटरीचं माप कंपनीच्या आकड्यांवरून घेऊ नये. या शहरात नळाला पाणी दिवसाआड नव्हे, दिवसांमागून दिवस टाकून येतं, आणि येतं तेव्हा बहुधा रात्री. कोणीतरी मोटर लावायला जागं राहावं लागतं. हाच खेळाचा सर्वोत्तम, घरमान्य मुहूर्त. अकराला खेळायला बसलेल्या माणसाला पहिली धार पडेपर्यंत पुरेल ती बॅटरी चांगली. जायकवाडी धरण भरलेलं आहे की रिकामं, याने या निकषात फरक पडत नाही.

पडद्याबाबत गैरसमज फार. जुने गेम चारास तीन मापाच्या टीव्हीचे, आताचा फोन काकडीसारखा लांब. ६.७ इंचाच्या फोनवर हे चित्र जेमतेम ४.६ इंचाचं उरतं. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंच काळी पट्टी. ती पट्टी वाया गेली असं वाटून चित्र ताणू नये. मारिओला पोट आधीच आहे. त्या पट्ट्यांवर बटणं बसतात, म्हणजे अंगठा शत्रूवर येत नाही. काचेवरची बटणं मात्र बोटाला लागत नाहीत. मुस्तफाला पळवून लाथ घालायला पुढची दिशा झपकन दोनदा द्यावी लागते. काचेवर अंगठा अर्धा सेंटिमीटर सरकतो आणि मुस्तफा गुंडासमोर नुसता उभा राहून मार खातो. तेव्हा कंट्रोलर वेगळा घ्यावाच. बदकं मारायची बंदूक विसरावी. ती जुन्या पिक्चर ट्यूबच्या उजेडावर चालायची, या पडद्यावर चालत नाही.

स्टोअरेजचा हिशोब सोपा आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटचा. २५६ जीबीत असे ६४ लाख गेम बसतात. पण कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं स्पष्ट लिहिलेलं असायचं, आणि तेवढ्यांना ४०० जीबी लागतात. म्हणून ५१२ची आवृत्ती घ्यावी. कॅसेटमध्ये तेच पाच-सहा गेम नावं बदलून होते, हे ठाऊक असलं तरी तयारी असावी.

कायद्याचंही पाहू. इम्युलेटर ठेवणं हा गुन्हा नव्हे. गेमची फाइल कुठूनही उतरवणं हा कॉपीराइटचा भंग. आपल्या १९५७च्या कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे ‘कॉन्ट्रा’ हा गेम रीतसर साहित्य आहे आणि मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’ या नियतकालिकात त्याचं परीक्षण यायला काही प्रत्यवाय नसावा. वैध प्रतीच्या मालकाला राखीव प्रत काढायची मुभाही हाच कायदा देतो. आईला फोन करून माळ्यावरची कॅसेट शोधायला सांगावं. सापडली तरी उपयोग नाही, कारण ती कॅसेट मुळात चोरीचीच होती.

आता सर्वांत महत्त्वाची बाब, जी पैठण गेटला कोणी सांगत नाही: फोनच्या खालचं भोक. दिसायला सगळी टाइप-सीच. पण त्यातून टीव्हीला चित्र जातं का, हे बिल करण्याआधी विचारावं. यूएसबी २ वाल्या कित्येक फोनांतून जात नाही. ‘‘कास्ट होतं ना, काका,’’ म्हणतील. कास्टवर उडी आत्ता मारली की टीव्हीवर ती खड्ड्यात पडल्यानंतर दिसते. वायर, टीव्ही आणि दोन कंट्रोलर हवेत, कारण ‘कॉन्ट्रा’ एकट्याने खेळायचा गेमच नव्हे. तिसऱ्या लेव्हलला धबधबा चढताना थोरला पुढे गेला की पडदा वर सरकतो आणि खालच्या दगडावर उभा असलेला धाकटा काही कारण नसताना मरतो. मग तो आईकडे जातो. एकट्याने हातात फोन धरून खेळताना हे घडवून आणता येत नाही, मग प्रोसेसर कितीही महागाचा असो.

पहिला कंट्रोलर कोणाचा, हे खरेदीआधी ठरवावं, शक्यतो लेखी. धाकटा आता वाळूजला शिफ्ट इन्चार्ज आहे, हाताखाली माणसं आहेत. तो निळा शिपाई मागणार. त्याला लाल देऊन पाहावा. ऐकेना, तर फोनचं बिल कोणाच्या नावावर आहे ते दाखवावं.