लघुनौकामाहात्म्य

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याकिनाऱ्याने, प्राचीन नगरांचे भग्नावशेष अवलोकन करीत, मोजक्या उतारूंसाठी शृंगारलेल्या लहान जहाजातून विहार करावा अशी ज्यांची मनीषा आहे, आणि ती तडीस नेण्याइतकी ज्यांची ऐपतही आहे, त्यांनी या शास्त्रातील आद्य सिद्धांत प्रथम ध्यानी धरावा. तो असा की, येथे जहाज जितके लहान तितके भाडे मोठे. एरवी वजनात गुंजभर तूट आली तरी वाण्याशी हुज्जत घालणारे आपण, घसरगुंडीचा तलाव नाही, जुगारखाना नाही, रात्रीचा नाचगाण्याचा जलसा नाही, असे नकारांचे गाठोडे चढ्या दामाने खुशीत खरेदी करतो. वस्तुतः ही रक्कम इतर माणसांच्या अनुपस्थितीबद्दल मोजलेली असते, आणि त्या जिनसेचा भाव कोणत्याही बाजारपेठेत कधी उतरल्याचे ऐकिवात नाही.

या सिद्धांताचा साक्षात्कार घडावा म्हणून, मार्गात कॉरिंथचा कालवा आहे की नाही याची खातरजमा पैसे भरण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण कडे ढासळण्याची त्याला जुनी खोड असून तो मधूनमधून बंदही असतो. इसवी सन 67 मध्ये नीरो बादशहाने सोन्याच्या कुदळीने पहिली माती उकरून ज्या कामाचा मुहूर्त केला, ते त्याच्या पश्चात बंद पडले आणि पुरे झाले 1893 साली; आपल्या गावच्या पुलाच्या दिरंगाईबद्दल वर्तमानपत्रांना पत्रे लिहिणाऱ्यांनी ही मुदत टिपून ठेवण्याजोगी आहे. सुमारे सव्वासहा किलोमीटर लांब आणि तळाशी अवघा 21 मीटर रुंद अशा या चिरेतून तरंगत्या शहरांना प्रवेश नाही; त्यांना साऱ्या पेलोपोनीजला वळसा घालावा लागतो. जहाज तोंडाशी येताच तेथला पूल वर उचलला जाण्याऐवजी पाण्यात बुडविला जातो, पुढे एक टग दोराने जहाजाला ओढू लागतो, आणि दोहों बाजूंचे पिवळट चुनखडीचे उभे कडे इतके जवळ येतात की, कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला खडकाचे थर आणि फटीत रुजलेली झुडपे एकेक करून न्याहाळता येतात. अशा समयी हाती पेला घेऊन वरच्या डेकवर उभे राहावे, आणि मोठ्या जहाजांना येथून जाता येत नाही, हे वाक्य सहज सुचल्यासारखे, परंतु शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेताने उच्चारावे. शेजारीही तेच वाक्य उच्चारीत असल्यास दोघांनी माना डोलवाव्यात.

कालव्यात कमावलेला हा पुण्यसंचय कुशादासीच्या बंदरात मात्र एका सकाळीत खर्ची पडतो, आणि उतारूच्या मनोधैर्याची खरी परीक्षा येथेच आहे. डोळे चोळीत बाहेर यावे तो लगतच्या धक्क्यालाच ते तरंगते शहर नांगरलेले. त्यातील हजारो जीव त्याच रस्त्याने, त्याच एफिससला, तशाच मोटारींतून निघालेले. एफिसस हे एके काळी स्वतःच नामांकित बंदर होते. नदीच्या गाळाने समुद्राला कित्येक किलोमीटर मागे रेटले नसते तर निदान शेवटची मजल तरी आपल्या लहान जहाजाच्या तोऱ्यात गाठता आली असती, ही हळहळ मनातल्या मनात करण्यास हरकत नाही. हातात फलक धरलेल्या वाटाड्यामागून कानात यंत्र खुपसून चालणे दोन्ही जहाजांच्या नशिबी सारखेच असल्याने, आपला दर्जा चालीतूनच व्यक्त करावा: दोन पावले मागे राहावे, एखाद्या पडलेल्या स्तंभशीर्षावर निजलेल्या मांजराकडे विचारमग्न होऊन पाहावे, आणि वाटाड्याने हाक मारल्यावर किंचित विलंबाने जावे.

सेल्ससच्या ग्रंथालयापुढे सर्वांनाच थांबावे लागते. रोमन साम्राज्याचा सुभेदार राहिलेल्या या गृहस्थाच्या स्मरणार्थ त्याच्या पुत्राने दुसऱ्या शतकात ही वास्तू आरंभिली. आज दिसणारी दर्शनी भिंत विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, पडलेल्या तुकड्यांतून पुन्हा उभारलेली. पोथ्यांची भेंडोळी केव्हाच नाहीशी झाली, परंतु खुद्द सेल्सस खालच्या तळघरात संगमरवरी शवपेटीत ठेवला गेला होता. वाचनालयात इतका दीर्घकाळ बैठक मारणारा सभासद अन्यत्र मिळणे कठीण. तथापि अनुभव असा की, मंडळींची जिज्ञासा याहून अधिक जागृत होते ती जवळच्या सार्वजनिक शौचगृहात. भिंतीलगतच्या बाकावर ओळीने पाडलेली ती भोके, मध्ये आडोसा म्हणून काहीच नाही. हे पाहून ज्यांनी स्वतंत्र सज्जाच्या खोलीसाठी ज्यादा रक्कम भरली आहे त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते, ते आर्टेमिसच्या मंदिराचा उरलेला एकुलता एक उभा खांब पाहून उमटत नाही.

डेलोस बेटाबाबत विशेष दक्षता बाळगावी. इसवी सनापूर्वी 426 मध्ये अथेन्सकरांनी या अपोलोच्या जन्मभूमीतील सारी थडगी उकरून ती शुद्ध केली, आणि यापुढे येथे कोणी जन्मू नये व कोणी मरू नये असा हुकूम काढून या दोन्ही कामांची तजवीज शेजारच्या रेनेया बेटावर केली. वयोवृद्ध उतारूंनी हा हुकूम शिरसावंद्य मानून उन्हाची टोपी व पाण्याची बाटली विसरू नये, कारण सावली म्हणावी अशी तेथे जवळजवळ नाही. उन्हाळ्यात मेल्तेमी नामक उत्तरेचा वारा पिसाळला की उतरणेच रहित होते, आणि लहान जहाज अधिक हेलकावते हा त्याच्या माहात्म्यातील एक गाळलेला अध्याय उलगडू लागतो. त्या दिवशी खोलीत ग्रंथवाचन करीत असल्याचे कळवावे.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. ज्यांना भाड्याचा आकडा पाहून धडकी भरते, त्यांनी या विहारमार्गाचा आद्य पुरुष ज्यूलियस सीझर याचा कित्ता गिरवावा. इसवी सनापूर्वी 75 च्या सुमारास याच एजियन समुद्रात चाच्यांनी त्याला धरले आणि सुटकेसाठी 20 टॅलेंट मागितले, तेव्हा आपल्या योग्यतेचा हा उपमर्द सहन न होऊन त्याने स्वतःच ती रक्कम 50 वर नेली, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. पुढील 38 दिवस तो त्यांच्यात असा वावरला की कैदी कोण असा प्रश्न पडावा: निजायच्या वेळी निरोप धाडून सर्वांना गप्प बसवी, स्वतःची काव्ये व भाषणे त्यांना ऐकवी, आणि जो वाहवा करणार नाही त्याला तोंडावर रानटी म्हणे. जेवणाच्या मेजावर असा एक तरी सद्गृहस्थ प्रत्येक सफरीत असतोच. आपल्या ताटाशेजारी त्याची खुर्ची नसावी म्हणून मुख्य खानसाम्याशी पहिल्याच दिवशी संधान बांधावे. सुटका झाल्यावर सीझरने गलबते जमवून त्याच चाच्यांना पकडले आणि पर्गामम येथे सुळावर चढविले. सांप्रत सरबराईतील उणिवांची दाद मागण्यासाठी शेवटच्या रात्री उशीजवळ एक छापील अभिप्रायपत्रक ठेवलेले असते. त्यात सूप कोमट होते एवढेच नोंदवावे, आणि बक्षिसी भाड्यात धरलेली आहे काय याची चौकशी त्यापूर्वी करावी.