कांगारूचं बारसं

“स्मिता, ऐकलंस का? कॅप्टन कुकनं ऑस्ट्रेलियात इथल्या माणसाला विचारलं, हा कुठला प्राणी? समोरचा म्हणाला, ‘माहीत नाही’. त्यांच्या भाषेत म्हणे ते ‘कांगारू’, आणि तेच नाव पडलं! आमची सूनबाई सांगत होती.”

“काहीतरीच काकू! थाप आहे ती. १७७० साली कुकचं जहाज प्रवाळाच्या खडकावर आपटलं, म्हणून डागडुजीसाठी उत्तरेकडच्या एका नदीत नेलं. आता तिथं कुकटाउन आहे. तिथले गूगू यिमिधिर लोक एका जातीच्या मोठ्या कांगारूला ‘गंगुरू’ म्हणायचे. तेच कुकच्या लोकांनी टिपून घेतलं. १९७०च्या दशकात जॉन हॅविलँड नावाचा भाषातज्ज्ञ तिथं गेला, तेव्हाही तो शब्द त्यांच्या तोंडी होता.”

“अगं बाई! म्हणजे त्या बिचाऱ्यांना उगाच अडाणी ठरवलं.”

“अडाणी कोण, ते पुढं ऐका. १७८८ साली गोरे इथं सिडनीला उतरले आणि जो भेटेल त्याच्यापुढं ‘कांगारू, कांगारू’. इथल्यांची भाषाच वेगळी, ते म्हणायचे ‘पटगरंग’. त्यांना वाटलं, कांगारू हा गोऱ्यांचाच शब्द! टेंच नावाच्या अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय, कोलबी नावाच्या माणसाला जहाजातून आणलेल्या गाई दाखवल्या, तर तो विचारतो, ‘हेच का ते कांगारू?’”

“शाब्बास! आणि कोआला, वॉम्बॅट?”

“ही नावं सिडनीकडच्या धारूग भाषेतली. डिंगोही तिथलाच. पण डिंगो म्हणजे माणसांत राहणारा कुत्रा; रानातल्याला ते ‘वॉरिगल’ म्हणायचे.”

“आणि पहाटे खदाखदा हसून झोपमोड करतो तो?”

“कूकाबरा. विराजुरी लोकांनी त्याच्या हसण्यावरूनच नाव ठेवलं.”

“मला बाई काकाकुवा दिसला की बरं वाटतं. नाव तरी आपलं!”

“कुठलं आपलं? मलायी लोकांचं, ‘काकातुआ’.”

“आपलं म्हणून काही ठेवू नकोस हं शिल्लक!”

“आहे ना! तुमच्या हिरवळीत रात्री निमुळते खड्डे कोण पाडतं? बँडिकूट. तेलुगूत घुशीला ‘पंदिकोक्कु’ म्हणतात, डुक्कर-उंदीर. गोऱ्यांनी हिंदुस्थानात त्याचं बँडिकूट केलं. इथं लांब नाकाचं काहीतरी माती उकरताना दिसलं, दिलं तेच नाव ठोकून! घुशीशी नातं काही नाही, हा पिशवीवाला, कांगारूच्या गोतातला.”

“घूसच म्हण की! मी आमच्या अविनाशला पिंजरा आणायला सांगितलाय.”

“पिंजरा बिंजरा लावू नका, काकू! कायद्यानं संरक्षण आहे त्याला. शिवाय हिरवळीतल्या अळ्या फस्त करतो.”

“घुशीचं नाव लावायचं आणि वर कायद्याचं संरक्षण! आमच्या गिरगावच्या चाळीतल्या घुशींना हे कळू देऊ नकोस हो. उद्या सगळ्या व्हिसाच्या रांगेत उभ्या राहतील.”