चिनी येते? छे हो, अजिबात नाही!

जग बिघडलं म्हणतात ते काही उगाच नाही. वर्षानुवर्षं शिकवणीला पैसा ओतायचा, पोराचे शनिवार-रविवार चिनी अक्षरं गिरवण्यात घालवायचे, आणि ते सोळा वर्षांचं झालं की शाळेत जाऊन गंभीर चेहऱ्याने सांगायचं, "मॅडम, आमच्या मुलाला चिनी अजिबात येत नाही हो!" ऐकलंय कधी असलं? आपल्याकडे लोक न येणाऱ्या भाषा बायोडेटात घुसडतात. आणि तिकडे सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय शाळांत आईबाप येणारी भाषा लपवत फिरतायत! चोरी लपवावी, वय लपवावं, पगार लपवावा. पण विद्या?

आता ही भानगड नीट चघळायची तर आधी तिचं व्याकरण कळायला हवं. अकरावी-बारावीच्या आयबी डिप्लोमात सहा विषय, प्रत्येकाला कमाल ७ गुण, आणि निबंधबिबंध धरून वरचे ३. एकूण ४५. या सहांत एक भाषा शिकण्याचा विषय असतोच. तिथे मँडरिन घेतलीत की पायऱ्या सुरू. सगळ्यात खाली 'अब इनिशिओ', म्हणजे पाटी कोरी असलेल्यांचा वर्ग. त्यावर 'लँग्वेज बी', त्यात पुन्हा स्टँडर्ड आणि हायर. हायरवाल्यांना दोन साहित्यकृती वाचाव्या लागतात आणि तोंडी परीक्षेत त्यातल्याच उताऱ्यावर बोलावं लागतं. खालच्या दोघांना नुसतं चित्र दाखवतात. बघा आणि बोला. आणि सगळ्यात वर 'लँग्वेज ए'. तिथे ज्यांच्या घरात आजी चिनीतून शिव्या देते अशा मुलांच्या मांडीला मांडी लावून चिनी साहित्याचं रसग्रहण करायचं.

कोऱ्या पाटीने कोऱ्या पाटीच्या वर्गात बसावं, इतका सरळ मामला. पण ७ म्हणजे ७. गुणपत्रिकेत तो अब इनिशिओचा आला काय आणि हायरचा आला काय, बेरजेला सारखाच. हे एकदा आईबापांच्या ध्यानात आलं आणि मग जो कहर सुरू झाला! प्राथमिक शाळेत पाच वर्षं चिनी शिकलेलं लेकरू अचानक कोरं करकरीत झालं. जुन्या शाळेचे दाखले सापडेनात. "तेव्हा शिकला होता, पण सगळं विसरला," असं सांगणाऱ्या आया पाहिल्यात तुम्ही? अशी सरसकट विस्मृती तर आपल्या पुढाऱ्यांनाही चौकशी समितीसमोर होत नाही. शिक्षकही काही दुधखुळे नसतात म्हणा. नवशिक्याचं सोंग घेतलेला मुलगा त्यांना दारातून आत येतानाच कळतो. बाई चिनीतून नाव विचारतात, हा छताकडे बघतो. गाव विचारतात, पुन्हा छत. मग त्या चिनीतूनच सहज म्हणतात, जरा पंखा बंद कर रे. आणि हा गुणी बाळ उठून पंखा बंद करतो! पोराला इतकं पढवून पाठवलं आणि पंख्यापाशी सगळं मुसळ केरात.

बरं, उलट्या दिशेने धावणारी जमात वेगळीच. यांना खालचं काही चालतच नाही. डिप्लोमाच्या आधी बऱ्याच शाळांत आयजीसीएसई असते, आणि केंब्रिजने तिथेही तीन दारं ठेवलीत: परकी भाषा म्हणून मँडरिन, दुसरी भाषा म्हणून चिनी आणि पहिली भाषा म्हणून चिनी. त्यांचे क्रमांक अनुक्रमे ०५४७, ०५२३ आणि ०५०९. आता कोणी विषयाचं नाव घेतच नाही हो! कोंडोच्या जलतरण तलावापाशी दोन मराठी बायका बोलताना ऐका. "तुमचा कुठे?" "०५२३." "अगं बाई, आमची ०५०९ ला जाते." दादर स्टेशनवर गाड्यांचे नंबर सांगावेत तसं चाललेलं असतं. ०५४७ वाल्याची आई बिचारी टॉवेल गुंडाळून गप्प. तिचं पोरगं गणितात पहिलं असेल, बुद्धिबळात चमकत असेल, पण भर तलावावर त्याचा नंबर सांगायची सोय नाही.

आणि जिथे आयजीसीएसई नसून आयबीचाच डिप्लोमाआधीचा एमवायपी आहे तिथे भाषेच्या सहा पायऱ्या, म्हणजे 'फेज'. मूल आठवीत असताना 'फेज तीन'मध्ये अडकलं, म्हणून सुट्टी रद्द करून त्याला बीजिंग किंवा तैपेईच्या शिबिरात धाडणारे लोक आहेत. कोकणात आजोबांकडे आंबे खायला जायचं सोडून? हो, सोडून! आंबे काय, दरवर्षी येतात. फेज चार एकदाच येते.

या वेडाचे मूळपुरुष कोण, याची चौकशी केलीत तर नावं भारी निघतात. जिम रॉजर्स नावाचे बडे अमेरिकन गुंतवणूकदार २००७ मध्ये न्यूयॉर्कचं बिऱ्हाड मोडून सिंगापूरला राहायला आले. कशासाठी? तर मुलींना मँडरिन आली पाहिजे! २०१४ मध्ये मार्क झकरबर्गने बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात चिनीतून प्रश्नोत्तरं केली आणि जगभरच्या बापांच्या पोटात गोळा आला. पुढे २०१७ मध्ये चीनचे अध्यक्ष शी चिनफिंग फ्लोरिडाला गेले, तर ट्रम्प यांच्या पाच वर्षांच्या नातीने त्यांना चिनी गाणं म्हणून दाखवलं. आजोबा त्यांच्याशी व्यापारावरून भांडणार आणि नात गाणं म्हणणार. मग ठाण्याहून आलेल्या आयटीतल्या जोडप्यानेच काय घोडं मारलंय?

खुद्द सिंगापुरातली गंमत तर विचारूच नका. आपल्याला वाटतं, तिथल्या चिनी वंशाच्या पोरांना काय, आईच्या दुधाबरोबर येत असणार. नाव नको! कितीतरी घरांत आता इंग्रजीच चालते. १९७९ पासून सरकार 'मँडरिन बोला' म्हणून मोहीम चालवतंय, म्हणजे बघा. देशाचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांच्यासारखा लोखंडी माणूस, त्यांनीही मोठेपणी शिकवणी लावली आणि म्हातारपणी सुद्धा सोडली नाही. वर २०११ मध्ये या झटापटीवर आख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हा शिकवणीच्या वर्गाबाहेर तान आडनावाची आई आणि देशपांडे आडनावाची आई एकाच बाकावर, एकाच चिंतेत बसलेल्या दिसल्या तर नवल ते काय? वांशिक सलोख्यासाठी सरकारने केलेले सगळे प्रयत्न एकीकडे आणि हा बाक एकीकडे.

हाँगकाँगला जाल तर आणखी मज्जा. आंतरराष्ट्रीय शाळेत मँडरिन, रस्त्यावर कँटोनीज. दुकानांच्या पाट्या जुन्या भरगच्च लिपीत आणि पोराच्या वहीत बऱ्याचदा सोपी केलेली लिपी. पैसे भरून शिकलेलं मूल खालच्या भाजीवाल्याशी बोलू शकत नाही, आणि आई अभिमानाने सांगते, "त्याचं मँडरिन अगदी शुद्ध आहे!"

आपल्या मराठी मंडळींचं दुखणं जरा नाजूक आहे. सिंगापूरच्या सरकारी शाळांत भारतीय मुलांना मातृभाषा म्हणून तमिळ. ती नको तर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू. मराठी त्या यादीत नाहीच. तेव्हा घरी 'मराठी टिकवली पाहिजे' म्हणून तावातावाने बोलायचं, गणपतीत पोराकडून आरती म्हणून घ्यायची, आणि आरती संपल्यावर मोदक खाता खाता एकमेकींना हळूच विचारायचं, "चिनीला कुठे घातलंस गं?" बाप्पा सगळं ऐकत असतो बरं का.

आणि बाटलेल्यांच्या कथा! 'कशाला हवीत ती चिनी थेरं' म्हणणारे बाप सगळ्यात आधी पडतात. शाळेत दर आठवड्याला श्रुतलेखन, तिकडच्या भाषेत थिंगशिए. आता पोराला शब्द घालायचे कोणी? मोलकरीण फिलिपिन्सची, आई मीटिंगमध्ये. मग बाप ॲप उघडून शब्द वाचून दाखवतो. महिनाभरात तोच पोराला ओरडतो, "ती रेघ आधी नाही, नंतर!" सहा महिन्यांनी तो फूड कोर्टात नूडल्सवाल्या आजीशी चिनीत बोलायला जातो, आजी खणखणीत इंग्रजीत उत्तर देते, आणि तरी हा घरी येऊन सांगतो की संवाद झाला. पुण्याहून तीन महिन्यांसाठी गेलेल्या आज्यासुद्धा सुटत नाहीत. नातवाच्या चौकटींच्या वहीत आधी फुलं काढतात, मग अक्षरं. परत आल्यावर भिशीत पहिला विषय तोच. पुराव्यादाखल फोनवर फोटो!

खरं तर या भाषेचा आवाकाच असा आहे, की शहाण्याने लांबून नमस्कार करावा. अमेरिकन परराष्ट्र खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी तिला सर्वांत अवघड भाषांच्या गटात टाकलंय: तब्बल २,२०० तासांचं शिक्षण. चीनच्या एचएसके परीक्षेच्या २०२१ च्या नव्या मापाने नवव्या पातळीपर्यंत ११,०९२ शब्द. आणि आपली पोरं हे सगळं फुटबॉल, पियानो आणि कोडिंगच्या मधल्या पाऊण तासात बसवणार! आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता चिनी शिकले. त्यांना कोणी विचारलं होतं का, स्टँडर्ड घेताय की हायर?

इकडे मुंबई-पुण्याकडच्या शाळांत अजून फ्रेंच-स्पॅनिशचीच चलती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परकीय भाषांची उदाहरणं दिली, त्यात कोरियन, जपानी, थाई सगळ्या आल्या आणि चिनी तेवढी गायब. झालं! जे मिळत नाही त्याचीच हाव जास्त. आता सिंगापूरच्या भाचीला फोन करून 'तिकडून ऑनलाइन शिकवणारी कोणी बाई आहे का' असं विचारणारे काका-मामा उगवलेत.

तुम्ही हसताय ना? हसा. पण फोनमधलं ते भाषा शिकवणाऱ्या ॲपचं हिरवं घुबड कोणी बसवलंय? रोज रात्री अकराला, सगळे झोपल्यावर, कानात इयरफोन घालून चिनीच्या चारही सुरांत पुटपुटणारं कोण आहे? मुलीला फ्रेंच घेऊन दिली आणि आता वर्ग बदलता येईल का म्हणून समन्वयकबाईंना गुपचूप मेल कोणी टाकलाय? सगळं कळतं हो आम्हाला. तो मेल कसा लिहायचा, याचा मसुदाच मुळी पालकांच्या गटात फिरतोय. आणि त्यात तिसऱ्या ओळीत 'पूर्वज्ञान नाही' असं ठळक अक्षरांत घालायचं विसरू नका. आणि हो, त्या शनिवारच्या तैवानी बाईंकडे एखादी जागा रिकामी झाली तर कळवाल का जरा? आपल्याला कशाला हवीय! एक लांबची मैत्रीण विचारत होती.