कमिशनरसाहेब

न्यू जर्सीत ऑगस्ट संपत आला की आमच्या ओळखीच्या मराठी घरांत गणपतीच्या सामानाची यादी निघते. कमिशनरसाहेबांच्या घरात त्याच सुमाराला आणखी बारा याद्या निघतात आणि वहिनींची तेरावी यादी, म्हणजे दूर्वा, कापूर, सुपाऱ्या वगैरे, त्या गठ्ठ्यात हटकून हरवते.

साहेब कुठल्याही सरकारचे कमिशनर नाहीत. दिवसा ते एका विमा कंपनीत आकडे तपासतात. ‘फँटसी फुटबॉल’ची लीग चालवणाऱ्याला कमिशनर म्हणतात, म्हणून हे कमिशनर. फुटबॉल अर्थात अमेरिकन. त्यात पायाचं काम मुख्यतः पळण्यापुरतं. एनएफएलच्या ३२ संघांतले खरे खेळाडू पाळीपाळीनं निवडून आपण आपला कागदी संघ बांधायचा. रविवारी त्यांनी मैदानावर जे केलं त्याचे गुण आपल्या खात्यात. दहा यार्ड चेंडू घेऊन पळाला, एक गुण. टचडाउन केला, सहा. १९६२ साली ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी न्यू यॉर्कच्या हॉटेलात एक-दोघांना हाताशी धरून ही टूम काढली आणि पुढच्या वर्षी आठ संघांची पहिली लीग उभी राहिली. त्या आठ संघांना मालक होते, हे लक्षात ठेवा. ते एकमेकांना शिव्या घालत असणार, वादात बिअर सांडत असणार. साहेबांच्या लीगमध्ये बारा संघ आहेत आणि माणूस एकही नाही.

कारण साहेबांना जिंकायचं नाही, जाब विचारायचा आहे. कुठला खेळाडू किती गुण मिळवील हे आधी सांगणाऱ्या तज्ज्ञांचा अमेरिकेत मोठा बाजार आहे. प्रत्येकाची यादी, एकपासून दोनशेपर्यंत. २०२३ च्या सप्टेंबरात याद्यांत नाव असलेला ॲरन रॉजर्स जेट्स संघाकडून मोसमी सामन्यात पहिल्यांदा उतरला, तोही साहेबांच्या घरापासून पाऊण तासावरच्या मेटलाइफ स्टेडियमवर, आणि चौथ्याच खेळीत टाचेवरची शीर तुटून वर्षभरासाठी घरी बसला. उलट रॅम्स संघानं एनएफएलच्या वार्षिक निवडीत पाचव्या फेरीत उचललेला नवखा पुका नाकुआ, ज्याला याद्यांत कुणी धड विचारलंही नव्हतं, १०५ झेल आणि १,४८६ यार्ड करून नवख्यांचे विक्रम मोडून गेला.

“पंचांगातल्या पावसासारखं आहे हे,” साहेब तेव्हा माझ्या ताटातली भजी उचलत म्हणाले. “वाहन बेडूक, असं लिहून मोकळे! नाही पडला तर बेडकाला विचारायचं का?”

म्हणून २०२४ मध्ये प्रयोग सुरू झाला. बारा तज्ज्ञ, बारा याद्या, बारा संघ. ज्याची पाळी येईल त्याच्या यादीतलं सगळ्यात वरचं शिल्लक नाव त्याला द्यायचं. साहेबांनी स्वतःचं मत कुठंही घालायचं नाही. ज्या संध्याकाळी हे वाटप झालं, त्याच संध्याकाळी ऑफिसातल्या खऱ्या लीगचा ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची निवड, होती. तिथं हे फिरकलेच नाहीत आणि त्यांचा संघ कॉम्प्युटरनं भरून टाकला. तो कसा खेळला हे त्यांना आजही सांगता येत नाही.

त्या वर्षी त्यांच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन नेमकं मोसमाच्या पहिल्या रविवारी, ८ सप्टेंबरला आलं. सामने दुपारी एकला. आज कोण खेळणार नाही, हे त्याआधी दीड तास जाहीर होतं, म्हणजे साडेअकराला, म्हणजे ऐन आरतीत. साहेबांच्या एका हातात घंटा, दुसऱ्यात फोन. घंटा थांबली की समजावं, कुणाचा तरी गुडघा गेला. दुसऱ्या कडव्याला ती इतका वेळ थांबली की डेकवरच्या बादलीत पाणी ओतणारा त्यांचा मुलगा धावत आत आला.

पण साहेब पाहावेत ते खेळाडूंच्या अदलाबदलीत. नियमानं दोन्ही मालकांची संमती लागते. चार नंबरचा मालक म्हणून ते नऊ नंबरला प्रस्ताव लिहितात. नऊ नंबर म्हणून दोन दिवस विचार करतात. मग नाकारतात. “नऊ नंबर जरा जास्तच ताठ्यात आहे हल्ली,” असं मला त्यांनी गंभीरपणे सांगितलं आहे. एकदा दोघांचं जमलं, तर कमिशनर या नात्यानं यांनी तो सौदा एकतर्फी म्हणून रद्द केला आणि वहिनींच्या सांगण्याप्रमाणे त्या रात्री जेवताना कुणाशीच बोलले नाहीत.

प्रयोगाला खरी खीळ घातली ती ख्रिश्चन मॅकॅफ्रीनं. बहुतेक याद्यांत पहिलं नाव त्याचं. पण खेळाडू एक, आणि तो मिळतो पहिली पाळी ज्याची त्याला. ती चिठ्ठीनं सात नंबरच्या यादीला मिळालेली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सामन्याच्या तोंडावर कळलं की तो खेळत नाही. अख्ख्या मोसमात तो चारच सामने खेळला. सात नंबर तळाला गेला आणि तीच चूक छापणारे बाकीचे, केवळ चिठ्ठी न निघाल्यामुळे, शहाणे ठरले.

“चूक सगळ्यांची आणि फाशी एकट्याला?” साहेबांचा आवाज चढला. तज्ज्ञांना जाब विचारायला निघालेला हा माणूस डोळ्यांदेखत एका तज्ज्ञाचा वकील झाला. सात नंबरच्या यादीची ती घडी पडलेली प्रिंट त्यांनी फ्रीजवर लावली, मुलाच्या शाळेच्या वेळापत्रकावर. वहिनींनी ती काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

न्याय करायचा तर प्रत्येक यादीला प्रत्येक पाळी मिळायला हवी, असं ठरलं. म्हणजे बारा लीग. प्रत्येकीत बारा संघ, एकूण १४४, आणि दर आठवड्याला १४४ ठिकाणी कोण खेळणार, कोण बाकावर, ते भरायचं. शिवाय त्या आठवड्यात सुट्टीवर असलेले एनएफएलचे संघ सांभाळायचे. आकडेमोड मशीनवर टाका, असं मी सुचवलं. मशीनला सात नंबरची बाजू समजेल का, असं विचारून त्यांनी मला गप्प केलं. मलाही उत्तर सुचलं नाही, हे कबूल करतो.

परवा शनिवारी रात्री मी पातेलं परत द्यायला गेलो. बेसमेंटच्या जिन्याशी दिवा होता. खालून दोन-तीन आवाजांत तावातावानं बोलणं चाललं होतं. मी खाली निघालो तर वहिनींनी पातेलं घेता घेता अडवलं.

“आत्ता नको, भाऊजी. मीटिंग चाललीय.”

बाहेर गाडी एकच होती, त्यांचीच.